लिलाव मोबाईलवर, माल रबाळ्यात



लिलाव ही आपल्याला काही नवी गोष्ट नाही. लासलगावच्या आवारात कांद्याची ट्रॉली उभी राहिली की व्यापारी भोवती जमतात, चार कांदे हातात घेऊन पाहतात आणि बोली सुरू होते. बैलबाजारात तर रुमालाखाली बोटे धरून सौदे होत आले. तेथे लबाडी होत नाही असे नव्हे. पण माल समोर असतो आणि माणसेही समोर असतात. बैलाचे दात पाहता येतात, बोली कोणी वाढवली तेही दिसते.

आता लिलाव मोबाईलवर आला आहे, आणि तेथे आपण विकणारे नसून घेणारे असतो. बँकेने ओढून नेलेला ट्रॅक्टर, बंद कारखान्यातील जनरेटर, जुन्या विजेच्या मोटारी, लोखंडी पत्रे असा माल त्यात असतो. खरे लिलावही असे होतात आणि त्यातून चांगली वस्तू मिळालेली घरे आहेत. मात्र येथे माल दिसत नाही, शेजारचा बोलीदारही दिसत नाही. चोराला जागा सापडते ती येथेच.

एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण रीत खरी आहे. तुमच्या मोबाईलवर जाहिरात येते: “रबाळे एमआयडीसीतील बंद कंपनीच्या यंत्रसामग्रीचा ऑनलाइन लिलाव.” खाली जनरेटरचा स्वच्छ फोटो, किंमत बाजाराच्या निम्म्याने. रबाळे हे नाव आम्ही मुद्दाम घेतले. ठाणे–बेलापूर रस्त्यावरचे हे गाव. एके काळी या पट्ट्यात भातखाचरे आणि मिठागरे होती. आज तेथे टीटीसी औद्योगिक क्षेत्राचे कारखाने आणि गोदामे आहेत. अशा ठिकाणी कारखाना बंद पडणे, यंत्रे विकायला निघणे यात नवल नाही. त्यामुळे जत किंवा मेहकरला बसलेल्या माणसाला पत्ता पटतो. पत्ता खरा असला म्हणजे माल खरा, असे मात्र नाही.

तुम्ही बोली लावता. लगेच दुसरा कोणी पाचशेने वाढवतो. तुम्ही पुन्हा वाढवता. हा दुसरा बहुधा विकणाऱ्याच्याच हाताशी असतो, किंवा तोच दुसऱ्या नावाने बसलेला असतो. तुमची ईर्ष्या पेटावी एवढेच त्याचे काम. कधी तुम्ही हरता आणि संध्याकाळी फोन येतो, “साहेब, पहिल्याने माघार घेतली, माल तुम्हाला देतो. पण रात्रीपर्यंत टोकन टाका.” हरलेल्याला हा फोन देवाच्या कृपेसारखा वाटतो. टोकन गेले की जीएसटी, मग वाहतूक, मग विमा, मग गेटपास. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेपुढे लहान वाटेल अशीच बेतलेली असते, आणि “हे पैसे परत मिळतील” हे वाक्य प्रत्येक वेळी असते. “एवढे भरले, आता थोड्यासाठी कशाला सोडा?” असे आपण स्वतःलाच समजावतो. फसवणाऱ्याला मग फार बोलावेही लागत नाही.

ही विद्या आजची नाही. अमेरिकेत इंटरनेटवरचे लिलाव सुरू झाले, तेव्हा 2000 नंतरची काही वर्षे तेथील इंटरनेट फसवणुकीच्या तक्रारींत लिलावाच्या तक्रारी सर्वांत जास्त असत. आपल्याकडे मुंबईत 2000 साली बाझी डॉट कॉम निघाली. 2004 मध्ये ती अमेरिकेच्या ईबेने विकत घेतली. ईबेचा भारतातील तो धंदाही 2018 मध्ये बंद झाला. जुन्या वस्तूंचा बाजार मात्र वाढतच गेला आणि त्याबरोबर चोरही. आपण सैन्यात आहोत, बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात विकतो, असे सांगणारे किती निघाले! लष्कराच्या नावावर माणूस शंका घेत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आता खरा लिलाव कसा असतो ते पाहू, म्हणजे खोटा ओळखणे सोपे जाईल. खऱ्या लिलावाच्या सूचनेत माल पाहण्याचा दिवस, वेळ आणि जागा दिलेली असते. माल “जसा आहे, जेथे आहे” या तत्त्वावर विकला जातो, म्हणजे नंतर खोट निघाली तर घेणाऱ्याचे नशीब. म्हणूनच आधी पाहू देतात. जो पाहू देत नाही, “गोदामाला सील आहे”, “व्हिडिओ पाठवतो” असे म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलूच नये. रबाळे काही लंकेत नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल घेतली की दिघा गाव, ऐरोली आणि मग रबाळेच. घरचे दोघे जावे, जमले तर ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. एक दिवस मोडेल, भाडे पडेल. जनरेटरच्या किमतीपुढे ते काय आहे?

बोलीपूर्वी भरायची बयाणा रक्कम खऱ्या लिलावातही असते, पण ती संस्थेच्या खात्यात जाते आणि बोली हरलेल्याला परत मिळते. कोणा एका माणसाच्या नावावर पैसे मागितले, की समजावे पाणी मुरते आहे. सरकारी भंगार व जुना माल पुष्कळदा एमएसटीसी या 1964 साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर विकला जातो. बँक सरफेसी कायद्याखाली जप्त मालमत्तेचा जाहीर लिलाव करते, तेव्हा सूचना दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. ते पत्र मागावे. शिवाय या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. “सरफेसीखाली जप्त शेतजमीन स्वस्तात” अशी जाहिरात दिसली तर आधी वकिलाला दाखवावी, खिशात हात घालू नये.

संकेतस्थळाचे नाव अक्षर अक्षर वाचावे. घरात शिकणारी मुलगी किंवा सून असेल तर हे काम तिच्याकडे द्यावे, तिची नजर आपल्यापेक्षा तेज असते. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे करून खोटी पाटी लावतात. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना आपल्या संकेतस्थळाचे नाव “डॉट बँक डॉट इन” असे संपणारे घ्यायला सांगितले, ते याच त्रासामुळे. तरीही उत्तम उपाय जुनाच आहे. तालुक्याच्या शाखेत जाऊन विचारावे, “साहेब, हा लिलाव तुमच्या बँकेचा आहे का?” जाहिरातीत दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करणे म्हणजे चोरालाच विचारणे झाले.

ट्रॅक्टर वा गाडी असेल तर आरसी बुक पाहावे, त्यावरील चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडावा. कर्जाचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि वित्त संस्थेची ना हरकत कधी मिळणार, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे. नाहीतर ट्रॅक्टर अंगणात आणि नाव दुसऱ्याचे, अशी गत होते.

आणखी एक, कारण याने फार घरे बुडाली. कोणी “तुमचे टोकन परत करतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका” म्हटले तर करू नये. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकायचा असतो. पैसे घेताना तो कधीच लागत नाही.

एवढे करूनही पैसे गेले तर लाजून गप्प बसू नये. लाजेत जो वेळ जातो तोच चोराच्या कामी येतो. ताबडतोब 1930 वर फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असतो. तो कोठे आहे हे वेळीच कळले तर बँक तो रोखून धरू शकते. पैसे आपणच पिन दाबून दिलेले असतात, त्यामुळे बँकेवर जबाबदारी टाकणे पुढे कठीण जाते. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. शिक्षेने आपला पैसा परत येतोच असे नाही, तो रोखला गेला तरच हाती लागतो.

जाहिरातीत रबाळे लिहिले होते म्हणून तक्रारीसाठी रबाळ्याच्या पोलीस ठाण्यात जावे लागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणे गुन्हा कोठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. जाताना पासबुक, पैसे गेल्याच्या संदेशातील व्यवहार क्रमांक, तारीख व वेळ, समोरच्याचा मोबाईल नंबर आणि सारे संभाषण बरोबर न्यावे. रागाच्या भरात ते मोबाईलवरून पुसून टाकू नये.