विश्लेषण : ‘द दा विंची कोड’ कुणाला थरार, कुणाला थापा... २० वर्षांनंतरही वाचकांचं एकमत का होत नाही?

डॅन ब्राऊन यांची ‘द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स’ ही कादंबरी सप्टेंबर २०२५ मध्ये बाजारात आली. तब्बल आठ वर्षांनी त्यांचा लाडका नायक प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन परतला. त्याच्यासोबत एक जुना वादही परतला. ‘द दा विंची कोड’ हे पुस्तक भारी आहे की भंपक?

तुमच्या मित्रांमध्ये विचारून बघा. एक जण सांगेल, ‘एका रात्रीत संपवलं, खालीच ठेवता येईना’. दुसरा म्हणेल, ‘पन्नास पानांत कंटाळलो’. तिसरा गंभीर होऊन म्हणेल, ‘चर्चने दोन हजार वर्षं लपवलेलं सत्य आहे ते’. चौथ्याला मात्र त्यात आपल्या श्रद्धेची चेष्टा दिसलेली असते. पुस्तक एकच, मग मतं इतकी वेगळी का? आणि इतक्या वर्षांनी त्यावर बोलण्याची गरज काय? जाणून घेऊ.

(ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सूचना : पुढे कथेतलं मुख्य रहस्य उघड होतं.)

कादंबरीत नेमकं आहे काय?

‘द दा विंची कोड’ मार्च २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात क्युरेटरचा खून होतो. मरण्यापूर्वी त्याने काही सांकेतिक खुणा मागे ठेवलेल्या असतात. हार्वर्डचे प्राध्यापक लँग्डन आणि फ्रेंच पोलीस दलातली सोफी नव्हू त्या खुणांचा माग काढत निघतात. मागे पोलीस आणि एक खुनी.

हा माग जिथे पोहोचतो तो कादंबरीचा गाभा आहे. येशू ख्रिस्ताचा मेरी मॅग्डलेनशी विवाह झाला होता, त्यांचा वंश आजही आहे, चर्चने हे दडपलं आणि ‘प्रायरी ऑफ सायन’ नावाच्या गुप्त संघटनेने ते जपलं, अशी ही मांडणी. लिओनार्दो दा विंची याच संघटनेचा प्रमुख होता, असंही कादंबरी सांगते.

जगभरात पुस्तकाच्या आठ कोटींहून अधिक प्रती खपल्या. मराठीतही अनुवाद निघाला. २००६ मध्ये टॉम हँक्सला घेऊन चित्रपट आला.

आवडणाऱ्यांना काय आवडतं?

सर्वात आधी वेग. कादंबरीत १०५ प्रकरणं आहेत आणि त्यातली कित्येक दोन-तीन पानांचीच आहेत. प्रत्येक प्रकरण ऐन मोक्याच्या क्षणी तुटतं. ‘अजून एकच’ म्हणत वाचक पहाटेपर्यंत जागतो. पुस्तकांपासून लांब असलेल्या अनेकांनी पूर्ण वाचलेली ही पहिली जाडजूड कादंबरी होती. हे श्रेय ब्राऊन यांचे विरोधकही नाकारत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे माहिती. लूव्र, मिलानचं ‘अंतिम भोजन’ हे चित्र, लंडनचं टेंपल चर्च, स्कॉटलंडचं रॉसलिन चॅपल... घरबसल्या सहल घडते. पुस्तक गाजल्यावर रॉसलिनला जाणाऱ्या पर्यटकांची संख्या कित्येक पटींनी वाढली.

तिसरी गोष्ट जास्त खोल आहे. धर्माच्या इतिहासातून स्त्रीला पुसून टाकलं गेलं, ही कादंबरीतली मांडणी अनेक स्त्री वाचकांना आपलीशी वाटली.

मग नाराज कोण आहे?

इथे एक गंमत आहे. नाराज वाचकांचा गट एक नाही, तीन आहेत आणि तिघांची तक्रार वेगवेगळी आहे.

पहिला गट भाषेवर नाराज आहे. पात्रं पुठ्ठ्याची वाटतात, संवाद म्हणजे व्याख्यानं, विशेषणांचा नुसता भडिमार, अशी त्यांची तक्रार. सलमान रश्दी यांच्यासारख्या लेखकांनीही या पुस्तकावर कठोर टीका केली आहे.

दुसरा गट अभ्यासकांचा. त्यांना कथेशी देणंघेणं नाही, तपशिलांच्या चुका खटकतात. बायबलचे अभ्यासक बार्ट अर्मन स्वतःला श्रद्धाळू ख्रिस्ती मानत नाहीत. तरीही या कादंबरीतल्या ऐतिहासिक चुका दाखवणारं पुस्तक त्यांनी २००४ मध्ये लिहिलं. म्हणजे टीका करणारे सगळे चर्चचीच माणसं होती, असं मुळीच नाही.

तिसरा गट श्रद्धावंतांचा. इटलीतल्या जेनोआचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल बर्तोने यांनी २००५ मध्ये हे पुस्तक विकत घेऊ नका, वाचू नका, असं जाहीर आवाहन केलं होतं. कादंबरीत खुनी म्हणून दाखवलेला ‘ओपस डेई’चा मंक या संस्थेला खटकला. या संस्थेत मंक नसतातच, बहुतेक सदस्य संसारी, नोकरी-व्यवसाय करणारे लोक असतात.

‘अहो, कादंबरीच आहे ना ती?’

या तिन्ही गटांना चाहत्यांचं ठरलेलं उत्तर असतं : ‘कादंबरी आहे, इतिहासाचं पुस्तक नाही. एवढं मनावर काय घ्यायचं?’

उत्तर बिनतोड वाटतं. अडचण एवढीच आहे की, खुद्द पुस्तकाची सुरुवात वेगळं सांगते. कथा सुरू होण्याआधी ‘तथ्य’ असं शीर्षक असलेलं एक पान आहे. प्रायरी ऑफ सायन ही १०९९ मध्ये स्थापन झालेली खरी संघटना असल्याचं त्यावर म्हटलं आहे. कादंबरीतली कलाकृती, वास्तू, कागदपत्रं आणि गुप्त विधी यांची वर्णनं अचूक असल्याचा दावाही तिथेच आहे.

वादाची खरी जागा हे एक पान आहे. ज्याने ते पान भराभर उलटलं, त्याने एक थरारकथा वाचली. ज्याने त्यावर विश्वास ठेवला, त्याने ‘दडपलेला इतिहास’ वाचला. आणि ज्याने ते पान तपासलं, तो वैतागला. त्यामुळे हे वाचक एकमेकांशी वाद घालतात तेव्हा एकाच पुस्तकाबद्दल बोलत नसतात.

दावे काय आणि वस्तुस्थिती काय?

प्रायरी ऑफ सायन : या नावाची संघटना फ्रान्समध्ये १९५६ साली पिएर प्लाँतार नावाच्या गृहस्थाने नोंदवली. तिला प्राचीन ठरवणारी कागदपत्रं त्याने आणि त्याच्या साथीदारांनी बनवली आणि १९६० च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवून दिली. दा विंचीचं नाव असलेली प्रमुखांची यादी याच बनावट कागदांमधली.

नायसियाची परिषद : येशू देव आहे हे इ. स. ३२५ च्या परिषदेत अगदी काठावरच्या मतांनी ठरलं, असं कादंबरीतलं पात्र सांगतं. येशूला देवत्व देणारं लिखाण त्याआधी सुमारे अडीचशे वर्षांपासून होतं. परिषदेत वाद होता तो ईश्वर आणि येशू यांच्यातल्या नेमक्या नात्याचा. शेकडो बिशपांपैकी शेवटपर्यंत सही न करणारे दोघेच होते.

येशूशेजारची ‘स्त्री’ : ‘अंतिम भोजन’ या चित्रात येशूच्या उजव्या हाताला बसलेली व्यक्ती मेरी मॅग्डलेन आहे, असा दावा. कला इतिहासाचे अभ्यासक तिला शिष्य जॉन मानतात. त्या काळात जॉनला तरुण, बिनदाढीचा आणि नाजूक चेहऱ्याचा दाखवण्याची पद्धतच होती.

लूव्रचा पिरॅमिड : त्यात बरोबर ६६६ काचा आहेत, असं कादंबरीत येतं. लूव्रच्या माहितीनुसार त्या ६७३ आहेत.

जाळलेल्या स्त्रिया : चर्चने ५० लाख स्त्रियांना चेटकिणी ठरवून जाळलं, असं लँग्डन सांगतो. इतिहासकारांचा अंदाज साधारण ४० ते ६० हजार बळींचा आहे आणि त्यात पुरुषही होते. हा आकडाही भयंकरच आहे. तो फुगवण्याची गरज नव्हती.

मग सगळंच खोटं आहे का?

नाही. इथेच हा विषय रंजक होतो.

मेरी मॅग्डलेनवर अन्याय झाला, हे खरं आहे. बायबलमध्ये तिला कुठेही वेश्या म्हटलेलं नाही. इ. स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात तिला आणि बायबलमधल्या दुसऱ्या एका ‘पापी स्त्री’ला एकच मानलं आणि तो शिक्का शतकानुशतकं टिकला. कॅथलिक चर्चने १९६९ च्या नव्या दिनदर्शिकेत ही सरमिसळ सोडून दिली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांइतका दर्जा दिला.

बायबलमध्ये न घेतलेली शुभवर्तमानं होती, हेही खरं. इजिप्तमधल्या नाग हम्मादी इथे १९४५ मध्ये त्यांचा मोठा साठा सापडला. त्यातल्या फिलिपच्या शुभवर्तमानात येशू मेरीचं चुंबन घेत असे, असा उल्लेख आहे. पण ते कुठे घेत असे, नेमक्या त्याच जागी हस्तलिखित फाटलेलं आहे. कादंबरीत तिथे ‘ओठांवर’ असा शब्द भरला गेला आणि पुराव्यातली भोकं बुजली.

खऱ्या गोष्टीला खोटी गोष्ट अशी चिकटवली की, दोन्ही वेगळ्या करणं सामान्य वाचकाला जवळपास अशक्य होतं. या कादंबरीचं यश आणि तिच्यावरचा आक्षेप, दोन्ही इथून येतात.

प्रकरण कोर्टात का गेलं?

‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ हे १९८२ चं पुस्तक येशूच्या वंशाचा हाच सिद्धांत इतिहास म्हणून मांडतं. त्याच्या तीन लेखकांपैकी मायकल बेजंट आणि रिचर्ड ली यांनी लंडनमध्ये ब्राऊन यांच्या प्रकाशकावर कॉपीराइटचा दावा लावला. ब्राऊन यांनी हे पुस्तक लपवलं नव्हतं. कादंबरीतल्या सर ली टीबिंग या पात्राचं नाव याच दोघांवरून आहे. ‘बेजंट’ची इंग्रजी अक्षरं उलटीसुलटी केली की ‘टीबिंग’ तयार होतं.

एप्रिल २००६ मध्ये निकाल ब्राऊन यांच्या प्रकाशकाच्या बाजूने लागला. कॉपीराइट मांडणीच्या शब्दांवर असतो, सर्वसाधारण कल्पनांवर नाही. गंमत म्हणजे न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी आपल्या निकालपत्रातच एक सांकेतिक संदेश दडवून ठेवला होता!

भारतात, गोव्यात काय झालं?

मे २००६ मध्ये चित्रपट आला तेव्हा भारतात मुंबईसह अनेक ठिकाणी ख्रिस्ती संघटनांनी निदर्शनं केली. प्रदर्शन काही दिवस लांबलं. सेन्सॉर बोर्डाने ‘प्रौढांसाठी’ प्रमाणपत्र दिलं आणि ही निव्वळ काल्पनिक कथा असल्याची सूचना दाखवण्याची अट घातली. थोडक्यात, पुस्तकाच्या पहिल्या पानावर जे लिहिलं होतं त्याच्या नेमकं उलट.

तरीही गोवा, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, पंजाब, नागालँड अशा राज्यांनी बंदी घातली. देशभर बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आंध्र प्रदेश आणि मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यातली बंदी रद्द केली.

बंदीने साधलं काय? कादंबरी तोवर तीन वर्षं लोकांच्या हातात होती. उलट ‘लपवतायत म्हणजे काहीतरी असणारच’ हा कादंबरीचाच युक्तिवाद बंदीमुळे बळकट झाला. दावे तपासून उत्तर देणाऱ्या अभ्यासकांचं काम मात्र आजही उपयोगी पडतं.

आज हे समजून घेणं का गरजेचं?

कारण या कादंबरीची रीत आता आपल्या फोनमध्ये आहे.

आधी एक खरी जागा किंवा खरं चित्र दाखवायचं. मग ‘हे तुम्हाला कुणी सांगणार नाही’ म्हणायचं. एखाद्या ‘प्राध्यापका’च्या तोंडून दोन खऱ्या गोष्टींमध्ये एक खोटी गोष्ट घालायची. वेग इतका ठेवायचा की थांबून विचार करायला सवड मिळू नये. शेवटचा निष्कर्ष वाचकालाच काढू द्यायचा. स्वतः शोधलेली गोष्ट माणूस सहसा सोडत नाही. ‘दडपलेला इतिहास’ सांगणारी कोणतीही रील किंवा फॉरवर्ड या क्रमाने ताडून बघा.

इटालियन लेखक उम्बर्तो इको यांनी १९८८ मध्येच ‘फुकोज पेंड्युलम’ या कादंबरीत असे लोक रंगवले होते. कटकारस्थानाचा खेळ म्हणून सिद्धांत रचता रचता त्यातली पात्रं स्वतःच त्यात अडकतात. पुढे इको गमतीने म्हणायचे की, डॅन ब्राऊन हे माझ्याच कादंबरीतलं एक पात्र आहे.

आपल्याकडेही ऐतिहासिक कादंबऱ्यांवरून आणि चित्रपटांवरून हाच वाद दर थोड्या दिवसांनी पेटतो. एक बाजू म्हणते, ‘लेखकाला स्वातंत्र्य आहे’. दुसरी म्हणते, ‘इतिहासाची मोडतोड झाली’. दोन्ही बाजूंनी आधी एक प्रश्न विचारला तर निम्मी भांडणं मिटतील : लेखकाने सुरुवातीला वाचकाला काय वचन दिलं होतं? ‘हे कल्पित आहे’ असं सांगून कल्पना लढवली, तर तो त्याचा हक्क. ‘हे तथ्य आहे’ असं सांगितलं, तर तपासणं हा वाचकाचा हक्क.

म्हणून ‘द दा विंची कोड’ आवडली असेल तर संकोच कशाला? एका रात्रीत वाचून संपणारी कादंबरी लिहिणं सोपं नाही. नाही आवडली, तरी तुम्ही काही रसिकतेत कमी नाही. फक्त पुढच्या वेळी कुणी त्यातला एखादा ‘इतिहास’ ग्रुपवर टाकला, तर त्याला शांतपणे एवढंच विचारा : लूव्रच्या पिरॅमिडमध्ये काचा किती?