गांठोड्यांत न येणाऱ्या वस्तू

गेल्या महिन्यांत आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. हे गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक असून गेलीं अकरा वर्षें आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याच्या खटाटोपांत आहेत. ठिकठिकाणच्या शाखांशीं पत्रव्यवहार करून व घरोघरच्या वडीलधाऱ्या माणसांस विचारून त्यांनीं सुमारें चौदाशें माणसांची माहिती जमविली होती, आणि ती सर्व संगणकांतील एका माहितीकोशांत भरून ठेविली होती. आम्हीं सहज विचारलें, "काय, ग्रंथ छापखान्यांत केव्हां जाणार?" त्यांनीं चष्मा काढून पुसला व म्हणाले, "आतां पांचशें माणसें पुन्हां शोधावयाचीं आहेत. डिस्क गेली."

"परंतु राखीव प्रत नव्हती काय?"

"होती ना! आमचा नातू दर महिन्यास नेमानें घेत असे. बारा गिगाबाइटांचें भलेंमोठें गांठोडें होतें. त्यांत सारें कांहीं निघालें. कुलवृत्तांत तेवढा निघाला नाहीं."

नातू शेजारींच खालीं मान घालून बसला होता. मुलगा हुशार आहे व आळशी तर मुळींच नाहीं. त्यानें जें केलें तें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आजही चाललें असेल, म्हणून ह्या वेळीं हाच विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या साधनानें तें गांठोडें बांधलें त्याचें नांव 'टार'. 'टेप' व 'आर्काइव्ह' ह्या दोन शब्दांच्या जोडणींतून हें नांव निघालें. बेल प्रयोगशाळेंत तयार झालेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींत तें प्रथम आलें. जुन्या दप्तरांत कागद रुमालांत बांधून वर चिठ्ठी लावीत. टारची रीतही तशीच. प्रत्येक फायलीपूर्वीं ५१२ बाइटांची एक चिठ्ठी असते. तींत फायलीचें नांव, मालक, परवानगी, लांबी व तारीख लिहिलेली असते, आणि चिठ्ठीमागून फायलीचा मजकूर येतो. योजना इतकी सुटसुटीत कीं, पंचेचाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं तरी ती वापरांतून गेलेली नाहीं.

परंतु चिठ्ठी म्हटली म्हणजे तिला कडा आल्याच. मूळच्या चिठ्ठींत नांवासाठीं जागा अवघी १०० बाइटांची. इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो. पण आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतींत आपल्या देवनागरीच्या प्रत्येक वर्णास व काना-मात्रेसही तीन तीन बाइट लागतात. 'कुलवृत्तांत' हा एकच शब्द ३३ बाइट, म्हणजे त्या जागेचा तिसरा हिस्सा, खाऊन टाकतो! लांबीच्या रकान्याचीही तीच कथा. ८ गिगाबाइटांहून मोठ्या फायलीची लांबी त्यांत लिहितांच येत नसे. पुढें १९८८ व २००१ सालच्या प्रमाणांनीं ही अडचण क्रमाक्रमानें दूर केली, व आजचीं चांगलीं साधनें लांब नांवांस अडत नाहींत. तेव्हां ह्या मर्यादा आतां बहुतांशीं इतिहासजमा झाल्या. ज्या अद्यापि उरल्या आहेत त्या चिठ्ठीच्या नव्हेत, बांधावयाच्या वस्तूंच्या आहेत.

युनिक्स व तिच्या वळणावर रचलेली लिनक्स ह्या प्रणालींचा दंडक असा कीं, शक्य तें सर्व फायलीच्या रूपानें दाखवावें. त्यामुळें 'डेव्ह' नांवाच्या कप्प्यांत डिस्कसुद्धां फाईल म्हणून मांडलेली दिसते. वस्तुतः त्या फायली नव्हेत, दारें आहेत. दाराच्या आंत मजकूर नसतो. तें कोणत्या यंत्राकडे उघडतें हें सांगणारे दोन अंक तेवढे असतात. मूळच्या टारला हीं दारें बांधतांच येत नसत. 'ही फाईल नव्हे' असें म्हणून तो तीं सोडून देई. १९८८ सालच्या प्रमाणानें त्या दोन अंकांसाठीं चिठ्ठींत रकाने दिले. तथापि गांठोडें सोडतांना दार पुन्हां बसविण्याचा अधिकार संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकासच असतो, सामान्य वापरकर्त्यास नव्हे. आणि एकादें भाबडें साधन दारास फाईल समजून वाचूं लागलें तर? 'झीरो' नांवाचें एक दार असें आहे कीं, त्यांतून शून्यें अखंड वाहत असतात. तें वाचून संपविणें म्हणजे घागरीनें समुद्र उपसणेंच होय.

दुसरी जात नळ्यांची. एक प्रोग्राम एका तोंडानें ओततो, दुसरा दुसऱ्या तोंडानें घेतो. ओतणारा कोणी नसतां नक्कल करणारें साधन ती वाचावयास बसलें, तर तें वाट पाहत बसूनच राहतें. तिसरी जात सॉकेटांची. दोन चालू प्रोग्रामांनीं परस्परांशीं बोलण्याची ती खिडकी. तिच्यासाठीं टारच्या प्रमाणांत मुळीं रकानाच नाहीं. प्रचारांतील ग्नू टार 'सॉकेट वगळला' एवढें कळवून पुढें जातो. ह्यांत त्याची चूकही नाहीं; खिडकी बांधून नेली म्हणून तींतलें संभाषण थोडेंच बरोबर येतें? प्रोग्राम पुन्हां सुरू झाला म्हणजे ती खिडकी तो आपण होऊन उघडतो.

चौथी जात सर्वांत फसवी. लिनक्समधील 'प्रॉक' ह्या कप्प्यांतील फायली डिस्कवर नसतातच. कोणी वाचावयास गेला कीं प्रणाली त्या क्षणीं मजकूर रचून देते. आरशांतील प्रतिबिंबासारखा हा प्रकार आहे. पुष्कळांची लांबी शून्य दाखविलेली असते, म्हणून गांठोड्यांत त्यांचीं रिकामीं पाकिटें जातात. उलट 'केकोअर' नांवाची फाईल डिस्कहून कित्येक पटींनीं मोठी दिसते. प्रतिबिंब गांठीं बांधण्याचा प्रयत्नच न करणें हाच येथें शहाणपणा.

ह्यांखेरीज फायलीबरोबर येणारे सूक्ष्म हक्क व खुणा आहेत. ग्नू टारनें त्यांची सोय २०१३ सालच्या १.२७ ह्या आवृत्तींत केली. परंतु बांधतांना तसें स्पष्ट सांगावें लागतें. आणि जुन्या पद्धतीच्या संगणकांत जो लहानसा प्रोग्राम यंत्र जागें करतो, तो डिस्कच्या अगदीं आरंभीं, कोणत्याही फायलीच्या बाहेर बसलेला असतो. तो फायलींच्या गांठोड्यांत येणें शक्यच नाहीं. म्हणून सर्व फायली नव्या डिस्कवर जशाच्या तशा सोडल्या तरी संगणक कित्येकदां उठत नाहीं. घरांतील यच्चयावत् सामान हलविलें म्हणून घर हललें असें होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

आतां आमच्या स्नेह्यांच्या कुलवृत्तांताकडे वळूं. माहितीकोशाच्या फायली प्रणालीच्या एका राखीव कप्प्यांत राहतात, व त्या कप्प्याची किल्ली माहितीकोशाच्या प्रोग्रामाकडे व मुख्य व्यवस्थापकाकडे असते. नातवानें गांठोडें बांधण्याची आज्ञा आपल्या साध्या नांवानें दिली होती. टारनें तो कप्पा उघडून पाहिला, परवानगी मिळाली नाहीं, आणि तसें एका ओळींत लिहून तो पुढें गेला. सहस्रावधि नांवांच्या लोंढ्यांत ती ओळ वाहून गेली. अखेरीस 'मागील चुकांमुळें काम अपुरें राहिलें' असा निरोपही येत असे. परंतु बारा गिगाबाइटांचा आंकडा पाहून मुलाचें समाधान होई. टारनें कांहीं लपविलें नव्हतें. वाचणारा कोणी नव्हता.

बरें, व्यवस्थापकाच्या अधिकारानें बांधलें असतें तरी काम निभावलें असतें असें नाहीं. माहितीकोश चालू असतां त्याच्या फायली सतत बदलत असतात. एक फाईल बदलापूर्वींची व दुसरी बदलानंतरची अशी प्रत निघाली, तर तिचा मेळ बसेलच ह्याची हमी कोणी द्यावी? ह्याकरितां माहितीकोशास स्वतःसच आपला मजकूर साध्या अक्षरांत ओतून देण्यास सांगावें, व ती ओतलेली फाईल गांठोड्यांत घालावी. स्नेह्यांचीं नऊशें नांवें वांचलीं तीं ह्याच मार्गानें. दोन वर्षांपूर्वीं खर्चाचा अंदाज काढण्याकरितां त्यांनीं छापखान्याकडे अशी एक यादी ई-पत्रानें धाडली होती. मागाहून मिळविलेलीं पांचशें नांवें मात्र गेलीं. आणि तीं ज्या वृद्धांनीं सांगितलीं, त्यांपैकीं तिघे आतां ह्या जगांत नाहींत.

वाचकांस आमची सूचना थोडक्यांत अशी. आपले कागद व प्रणालीचें सामान वेगळें ठेवावें. प्रणाली पुन्हां बसवितां येते; पत्रें, छायाचित्रें, टिपणें पुन्हां लिहितां येत नाहींत. 'प्रॉक', 'सिस', 'डेव्ह' व 'रन' हे कप्पे वगळावे. संगणक सुरू होतांना प्रणाली ते आपण भरते. संपूर्ण यंत्रच राखावयाचें असेल तर तें बंद करून डिस्कची सबंध प्रतिमा काढावी. चुकांचा वृत्तांत निराळ्या फायलींत घेऊन शेवटपर्यंत वाचावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बांधलेलें गांठोडें दुसऱ्या संगणकावर सोडून पाहावें. सोडून न पाहिलेलें गांठोडें ही राखीव प्रत नव्हे, ती केवळ आशा होय. विजयादशमीस आपण घरांतील शस्त्रें व यंत्रें पुसून पुजतों. त्याच दिवशीं वर्षांतून एकदां ही परीक्षा घेण्याचा प्रघात पडला तर तो अस्थानीं होणार नाहीं.

आम्ही निघालों तेव्हां आजोबा दूरध्वनीवर कोणा दूरच्या चुलतबहिणीस तिच्या सासऱ्यांच्या भावंडांचीं नांवें विचारीत होते, व नातू शेजारीं बसून तीं टिपून घेत होता. संगणकावर तर तो लिहीतच होता. परंतु वहींतही लिहीत होता.