वस्तु राहते, नांव जातें

उन्हाळ्याच्या सुट्टींत ज्यांच्या घरीं कोंकणांतून, देशावरून किंवा नागपूर-वऱ्हाडाकडून पाहुणेमंडळी उतरतात, त्या मुंबईकर गृहिणींस राणीची बाग कांहीं चुकत नाहीं. त्या बागेस आज वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव आहे. पण लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव बसलें आहे. मुलें वाघ पाहतात, माकडें पाहतात, अलीकडे पेंग्विन पाहतात, आणि दमूनभागून घरीं येतात. तेथेंच एक सुंदर जुनी इमारत उभी आहे, तिच्यांत शिरण्यास बहुधा वेळ उरत नाहीं. ही इमारत म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय. वाचकांस आमची विनंती अशी कीं, पुढच्या खेपेस आधीं तेथें जावें, आणि जातांना घरांतील सर्वांत वडील माणसास बरोबर न्यावें. असें कां, तें सांगतों.

मुंबईंतील हें सर्वांत जुनें संग्रहालय. पण त्याचा आरंभ इतिहासाच्या प्रेमांतून झालेला नाहीं. १८५५ सालीं पॅरिस येथें मोठें प्रदर्शन भरलें. त्या सुमारास इलाख्यांतील मालाचे नमुने गोळा झाले आणि कोटांतील एका बराकींत सरकारी संग्रह मांडण्यांत आला. बंदराच्या शहरास आपल्याकडे काय पिकतें व काय घडतें हें व्यापारास दाखवावयाचें होतें, एवढाच हेतु. १८५७ च्या धामधुमींत ती जागा लष्करास हवी झाली, संग्रह घाईघाईनें बाहेर काढला गेला आणि पुष्कळ वस्तु नाश पावल्या. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनीं तो पुढें नव्यानें जमविला. नव्या इमारतीच्या वर्गणीसाठीं जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे गृहस्थ झटले. १८६२ सालीं पायाचा दगड बसला. १८६५ सालीं कापसाचा बाजार कोसळून शहरांतील पेढ्या बुडाल्या, तेव्हां पैसा आटला. अखेर सरकारनें काम पुरें केलें आणि १८७२ च्या मे महिन्यांत संग्रहालय लोकांस खुलें झालें. १९७५ सालापर्यंत त्यास राणी व्हिक्टोरिया व तिचा पति आल्बर्ट यांचें नांव होतें.

येथें वरच्या मजल्यावर मुंबईचा इतिहास मांडला आहे. नकाशे आहेत, छायाचित्रें आहेत, आणि मातीच्या लहान लहान मूर्ति आहेत: नाना जातिधर्मांचे लोक, त्यांचे पोषाख, त्यांचीं पागोटीं, त्यांचे धंदे. कांचेबाहेरच्या पाटीवर फार तर दोन ओळी मावतात. मुलें त्या ओळी वाचतात व पुढें जातात. पण बरोबर आजी असली तर ती एखाद्या पेटीपाशीं थबकते, "हें आमच्या माहेरीं होतें हो," म्हणते, आणि मग ती वस्तु कशी धरावयाची, कोण वापरी, तिला काय म्हणत, हें सारें निघतें. पाटीवर नसलेला इतिहास तो हा.

घरच्याच वस्तूचें उदाहरण घ्या. धान्याचीं जुनीं मापें अजून कित्येकांच्या माळ्यावर पडलेलीं असतील. दोन निळव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली, ही परवचा एके काळीं मुलांस तोंडपाठ असे. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आली, ती सोयीचीच झाली. त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु नांव गेलें तर काय बिघडलें, असें जे विचारतात त्यांनीं आपल्याच घरचें एखादें जुनें वाटणीपत्र उघडून पाहावें. त्यांत अमुक पायल्या भात व अमुक अधोल्या नाचणी लिहिलेली असते. कागद शाबूत आहे, अक्षरही लागतें. पण पणजोबांनीं भावास किती दिलें व स्वतःस किती ठेविलें, हें नातवास उमजत नाहीं.

सर्वच नांवें आपल्या माजघरांत सांपडतील असें मात्र नव्हे. हें शहर बंदरामुळें वाढलें. मचवा, पडाव, गलबत, फत्तेमार हीं निरनिराळीं तारवें. आपण सुशिक्षित माणसें त्या सर्वांस 'होडी' किंवा 'जहाज' म्हणून मोकळे होतों. त्यांतला भेद ज्यास कळतो तो तांडेल आपल्या शाळेंत शिकला नसेल, पण या विषयांत तोच आपला गुरु आहे. त्याच्याकडे विचारावयास जाण्यांत कमीपणा वाटतां कामा नये.

संग्रहालयाच्या आवारांत एक दगडी हत्ती उभा आहे, तोही मुलांस अवश्य दाखवावा. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास 'एलिफंटा' म्हटलें. १८६४ सालीं त्यास इंग्लंडांत नेण्याचा घाट घालण्यांत आला. उचलतांना तो फुटला आणि १९१४ सालीं त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यांत आले. हत्ती बेटावरून गेला. 'घारापुरी' हें नांव मात्र तेथल्या लोकांनीं तोंडीं ठेविलें म्हणून आजपर्यंत टिकलें. त्यास कांचेची पेटी लागली नाहीं.

ज्यांचें नांव या वास्तूस आहे त्या भाऊ दाजींनीं वैद्यकीचा व्यवसाय संभाळून अजिंठ्याचे व जुनागडचे प्राचीन लेख वाचण्याचा उद्योग केला. दगड शतकानुशतकें जागच्या जागीं होते. वाचणारे संपले होते. आपल्या घरांतील वाचणारे अजून संपलेले नाहींत, हें आपलें भाग्य. मात्र तें किती वर्षांचें, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

तेव्हां एक साधी वही करावी. एका पानावर वस्तूचें नांव, समोरच्या पानावर तिचा उपयोग, आणि खालीं तें कोणीं सांगितलें व कोणत्या सालीं, हें लिहावें. लिहिण्याचें काम मुलांकडे द्यावें. सांगणाऱ्यास घाई करूं नये. पावसाळ्यापूर्वीं माळा झाडतांना जीं भांडीं मोडींत जावयाचीं असतील तीं खुशाल जाऊं द्यावीं. फक्त जाण्यापूर्वीं एक संध्याकाळ तीं ओटीवर मांडून आजीस त्यांचीं नांवें विचारावीं.