विश्लेषण : ‘विंडोज १०’ निवृत्त झाल्यावर जुन्या संगणकांचे काय? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी काय तपासावे?

नागपुरात सीताबर्डी असो की धरमपेठ, संगणक दुरुस्तीच्या दुकानात सर्वाधिक कानावर पडणारे वाक्य एकच : ‘फॉरमॅट मारून द्या’. संगणक संथ झाला, चालू होईनासा झाला किंवा व्हायरस आला, तरी उपाय ठरलेला. पण ‘मायक्रोसॉफ्ट’ने ‘विंडोज १०’चा पाठिंबा थांबवल्यापासून हे काम पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. नवी प्रणाली जुन्या यंत्रावर चढत नाही, चढवताना डिस्कचे विभाजन आडवे येते आणि घाईत वर्षानुवर्षांचे हिशेब, दस्त, छायाचित्रे पुसली जातात. डीटीपीवाले, टंकलेखक, कर सल्लागार, सेवा केंद्रचालक अशा अनेकांचे पोट याच जुन्या यंत्रांवर आहे. त्यांच्यापुढे कोणते पर्याय आहेत?

नेमके काय झाले?

‘विंडोज १०’ ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा पाठिंबा संपला. म्हणजे संगणक बंद पडले असे नव्हे. ते पूर्वीसारखेच चालतात. मात्र प्रणालीत नवी त्रुटी सापडली, तर ती बुजवणारे मोफत अपडेट आता आपोआप येत नाही. घरगुती वापरकर्त्यांना एका वर्षाची वाढीव सुरक्षा मुदत मिळाली आहे. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत असून तोपर्यंत केव्हाही नोंदणी करता येते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केल्यास ही सोय मोफत आहे. अन्यथा ३० डॉलर किंवा तेवढे स्थानिक चलन मोजावे लागते. त्यासाठी संगणकावर ‘विंडोज १०’ची शेवटची, म्हणजे ‘२२एच२’ ही आवृत्ती हवी. कार्यालयांसाठीची योजना वेगळी आहे. तिथे पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर लागतात आणि दर वर्षी ही रक्कम दुप्पट होते.

संगणक चालतो आहे, मग चिंता कशाची?

याचे उत्तर २०१७ सालात आहे. त्या वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभर संगणक कुलूपबंद केले. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीसाठी ते आलेच नव्हते, ते सापडले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. त्याचा फटका नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका खासगी टर्मिनललाही बसला आणि तिथली कंटेनरची वाहतूक खोळंबली. ‘नॉटपेट्या’ फायलींपुरता थांबत नव्हता. संगणक ज्या नोंदीवरून सुरू होतो, ती डिस्कच्या अगदी सुरुवातीची ‘बूट’ नोंदच तो बदलत असे. त्यामुळे यंत्र पुन्हा चालू केले की विंडोजऐवजी खंडणीची मागणी दिसे.

हा धोका ओळखूनच ‘सिक्युअर बूट’ची सोय आली. संगणक सुरू होताना समोर आलेला प्रोग्राम अधिकृत आहे की नाही, हे डिजिटल प्रमाणपत्रावरून तपासले जाते. यासाठी वापरली जाणारी मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कालबाह्य होत आहेत. त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे अपडेटमधून दिली जातात. अपडेट बंद असलेल्या ‘विंडोज १०’ला ती मिळणार नाहीत. असे संगणक त्या दिवशी बंद पडणार नाहीत, पण बूटच्या पातळीवर यापुढे निघणाऱ्या दुरुस्त्यांपासून वंचित राहतील.

‘तुमच्या यंत्रावर विंडोज ११ चालणार नाही’ असे का सांगितले जाते?

‘विंडोज ११’ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. बहुतेक यंत्रांत ती असते. अडचण पुढच्या तीन अटींची आहे : इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा ‘रायझन २०००’ मालिकेपासून पुढचा प्रोसेसर, ‘यूईएफआय’ आणि सिक्युअर बूट, तसेच ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सोय. ढोबळमानाने २०१८ च्या आधीचे बहुतेक संगणक पहिल्याच अटीत अडकतात.

मात्र यातला एक भाग तपासण्यासारखा आहे. अनेक यंत्रांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये ते बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रांत ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ या नावाने दिसते. ते चालू केले की ‘अपात्र’ संगणक पात्र ठरू शकतो. त्यामुळे नवे यंत्र घेण्याचा सल्ला मानण्याआधी प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे आणि बायोसमध्ये ही सोय आहे का, हे विचारायला हवे.

अटी चुकवून ‘विंडोज ११’ टाकून देणारेही भेटतात. तसे करता येते, पण अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय ‘२४एच२’ आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर ही प्रणाली सुरूच होत नाही. सुरक्षेसाठी प्रणाली बदलायची आणि सुरक्षेचीच हमी सोडायची, यात फारसे हशील नाही.

एमबीआर आणि जीपीटी यांचा घोळ काय आहे?

प्रणाली बदलताना सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. डिस्कवर किती भाग आहेत आणि प्रत्येक भाग कुठून कुठपर्यंत, याची एक अनुक्रमणिका असते. तिची जुनी पद्धत म्हणजे एमबीआर. ती १९८३ पासूनची आहे. तिच्यात मुख्य भाग चारच करता येतात आणि २ टेराबाइटच्या पुढची जागा वापरता येत नाही. नवी पद्धत म्हणजे जीपीटी. विंडोजमध्ये तिच्यात १२८ भाग करता येतात आणि अनुक्रमणिकेची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते.

संगणक सुरू करण्याच्याही दोन पद्धती आहेत. जुना बायोस किंवा ‘लेगसी’ मोड एमबीआर शोधतो, तर यूईएफआय पद्धतीत विंडोजला जीपीटी लागते. ही जोडी जुळली नाही की विंडोज टाकताना ‘या डिस्कवर एमबीआर आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. अनेक जण इथे सगळे भाग पुसून मोकळे होतात. काम होते, पण माहिती जाते.

त्याची गरज नसते. ‘विंडोज १०’मध्येच एमबीआरचे जीपीटीत रूपांतर करणारे ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन आहे आणि ते माहिती न पुसता काम करते. अट अशी की डिस्कवर तीनपेक्षा जास्त मुख्य भाग नसावेत आणि विस्तारित किंवा ‘लॉजिकल’ भाग नसावा. आधी फक्त चाचणी घेण्याची सोयही त्यात आहे. रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये जाऊन मोड लेगसीवरून यूईएफआयवर न्यावा लागतो. ही शेवटची पायरी विसरली की संगणक सुरू होत नाही आणि डिस्क खराब झाली, असा समज होतो.

संगणक सुरूच होत नसेल, तर दोष कसा ओळखावा?

सुरू होण्याची प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर अडते, यावरून बरेच कळते. पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच येत नाही, तर विंडोजचा संबंध नाही. रॅम नीट बसली आहे का, हे आधी पाहावे. कंपनीचे चिन्ह दिसते आणि मग ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असा संदेश येतो, तर बायोसमध्ये डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर केबल किंवा डिस्कमध्ये दोष असू शकतो. दिसत असेल तर बूटचा क्रम किंवा मोड बदललेला असण्याची शक्यता जास्त.

जुन्या यंत्रांत या बदलामागे अनेकदा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल असतो. काही वर्षांनी तो संपतो आणि वीज काढताच बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात. संगणकाची तारीख वारंवार मागे जात असेल, तर ती याचीच खूण समजावी. मोड बदलल्यामुळे चांगली डिस्कही ‘सापडत नाही’. साटा कंट्रोलरचा प्रकार बदलला, तर विंडोजचे चिन्ह येऊन निळा पडदा दिसतो. अशा वेळी फॉरमॅट करणे म्हणजे किल्ली हरवली म्हणून घर पाडण्यासारखे आहे. सेल बदलून सेटिंग पूर्ववत केल्यास काम भागते.

उलट प्रकारही घडतो. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलच्या काही लॅपटॉपवर विंडोज टाकायला घेतले की यादीत एकही डिस्क दिसत नाही. तिथे डिस्क ठीक असते. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून आधी द्यावा लागतो.

विंडोजचे चिन्ह येऊन गाडी अडत असेल, तर दुरुस्तीच्या पडद्यावरून ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि सेफ मोड वापरून पाहावे. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फायली उघडायला मिनिटे लागत असतील, तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवून आधी माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. थकलेल्या डिस्कवर प्रत्येक प्रयोगाने माहिती परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

माहिती नेमकी कुठे हरवते?

‘महत्त्वाचे सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे, सी फॉरमॅट करा’ हा घरोघरी चालणारा विश्वास आहे. पण बहुतेक यंत्रांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. सगळे भाग पुसले किंवा डिस्कच बिघडली, तर दोन्ही जातात. डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप यंत्राबाहेर असतो.

दुसरा सापळा ‘बिटलॉकर’चा आहे. ‘विंडोज ११’ची ‘२४एच२’ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला, तर बहुतेक यंत्रांत डिस्क आपोआप कूटबद्ध होते. पुढे बायोसमध्ये बदल केला किंवा मदरबोर्ड बदलला, की ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. पण दुकानदाराने स्वतःच्या किंवा तात्पुरत्या ईमेलने खाते उघडून दिले असेल, तर किल्ली ग्राहकाच्या हाती नसते आणि तिच्याविना माहिती परत मिळत नाही. म्हणून खाते स्वतःचेच हवे आणि किल्ली कागदावर लिहून ठेवलेली बरी.

लिनक्स हा पर्याय ठरू शकतो का?

ठरू शकतो. ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरातील जिल्हा न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्सवर आधारित प्रणाली वापरली गेली. केरळमधील सरकारी शाळांतही मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे चालते. ब्राउझर, पत्रव्यवहार, युनिकोड मराठी टंकलेखन आणि मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल, तर दहा वर्षांच्या संगणकाला लिनक्स नवे आयुष्य देऊ शकते. पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता ती वापरून पाहता येते.

मात्र व्यवसायाचे गणित वेगळे आहे. लग्नपत्रिका आणि अहवाल जुळवणारे डीटीपी चालक अजूनही ‘श्रीलिपी’ किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’सारख्या साधनांवर आणि त्यांच्या बिगर-युनिकोड फॉन्टवर अवलंबून आहेत. ‘टॅली’ मुळात विंडोजसाठी आहे. निविदा भरण्यासाठी लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि सेवा केंद्रांतील बोटांचे ठसे घेणारी यंत्रे यांचे ड्रायव्हरही प्रामुख्याने विंडोजसाठी लिहिलेले असतात. या मंडळींना ‘लिनक्स टाका’ असे सांगणे सोपे असले, तरी त्यांचे काम त्याने अडू शकते. उलट, बिगर-युनिकोड फायली युनिकोडमध्ये बदलून ठेवण्याचे काम त्यांनी आताच सुरू केले, तर पुढचा प्रत्येक बदल सोपा होईल.

मग काय करणे शहाणपणाचे?

यंत्र पात्र असेल, तर बॅकअप घेऊन ‘विंडोज ११’वर जाणे हा सरळ मार्ग. पात्र नसेल, तर वाढीव सुरक्षा मुदतीची नोंदणी करून ती मुदत संपेपर्यंतचा अवधी मिळवता येतो. बँकेचे व्यवहार होत नसलेले एखादे यंत्र जुन्या फॉन्टपुरते किंवा जुन्या प्रिंटरपुरते इंटरनेटविना ठेवणे हाही व्यवहार्य मार्ग आहे. ‘डिफेंडर’ या अँटिव्हायरसच्या नोंदी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार असल्या, तरी त्यावर विसंबू नये. अँटिव्हायरस ओळखीचे व्हायरस पकडतो. प्रणालीतले भगदाड तो बुजवत नाही.

नवे यंत्र घेण्यासाठी मात्र काळ अनुकूल नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे मेमरी चिप वळल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी महागल्या. ‘मायक्रॉन’ने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. दुसरीकडे, या बदलामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज ‘कॅनालिस’ या संस्थेने २०२३ मध्येच वर्तवला होता. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ई-कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा. भंगारवाल्याकडे देताना डिस्कवरची माहिती त्याच्यासोबतच जाते, हेही लक्षात घ्यायला हवे.

थोडक्यात, दुकानाच्या काउंटरवर ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : माहितीची प्रत यंत्राबाहेर आहे का, डिस्क एमबीआर आहे की जीपीटी, आणि नवे खाते कोणाच्या ईमेलवर उघडले जाणार आहे. विचारायला दोन मिनिटे लागतात. उत्तरे मिळाल्याशिवाय यंत्र दुकानात सोडून येऊ नये.