मागच्या दिव्यातील पाणी

नोकरीनिमित्त उज्जैन येथे राहणाऱ्या आमच्या भाच्याकडे गेल्या श्रावणात जाण्याचा योग आला. इंदूरहून रात्री त्याच्या मोटारीने निघालो. सांवेर मागे पडले, पाऊस कोसळू लागला, आणि पाठीमागून आलेल्या एका ट्रकने अगदी जवळ येऊन करकचून ब्रेक लावले. चालक खाली उतरून ओरडला, "भैया, पीछे की बत्ती कहाँ है?" पाहतो तो डावा लाल दिवा विझलेला, उजवा मिणमिणता, आणि दोहोंच्या काचेआड बोटभर पाणी!

हे पाणी नवे नव्हते. आदल्या वर्षी एका कारागिराने काचेच्या कडेने चिकटद्रव्य फासून दिले होते. भाचा त्यावर निर्धास्त होता. पुढे बसणाऱ्यास आपला मागचा दिवा दिसत नाही, ही खरी अडचण. हा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात.

दुसऱ्या दिवशी फ्रीगंजमधील एका वयस्क मिस्त्रीने दिवे उतरविले. काचेवर दवासारखी पुसट छटा येते, ती रोग नव्हे, असे त्यांनी प्रथम सांगितले. दिव्यातील हवा तापली की फुगते, निवली की आकसते. म्हणून तिला श्वासापुरती वाट ठेवलेली असते. ती छटा दिवा लावल्यावर हळूहळू विरते. परंतु थेंब ओघळू लागले किंवा तळाशी पाणी साचले, तर ती गळती समजावी. तापलेल्या दिव्यावर थंड पाऊस पडला म्हणजे आतील हवा आकसून बारीकशा फटीतूनही पाणी ओढून घेते.

फट शोधण्याची त्यांची रीत फार सोपी. दिव्याची सारी भोके बंद करून एकातून सायकलच्या पंपाने हलकेच हवा भरावयाची व दिवा बादलीत बुडवावयाचा. बुडबुडे निघतील तेथे दोष.

आमच्या दिव्यांची काच अभंग निघाली! दिवा व पत्रा यांमधील स्पंजाची पट्टी दबून गेली होती. तिच्यातून पाणी मागे उतरे आणि बल्बच्या होल्डरभोवतीच्या कडक झालेल्या रबरी कड्यातून आत शिरे. श्वासाची नळी माळव्याच्या काळ्या चिखलाने बुजलेली. गेल्या वर्षीचा लेप चुकीच्या जागी होता. त्याने पाणी आत येणे थांबले नाही, बाहेर जाणे मात्र थांबले.

मिस्त्रींनी बॅटरीची तार आधीच सोडविली होती. दिवे उन्हात पुरते वाळविले, पितळी टोकांवरचा हिरवा गंज बारीक पॉलिशपेपरने काढला, नळी मोकळी केली, कडी व पट्ट्या नव्या घातल्या. काचेला तडा असता तर सिलिकोन लावले असते. पण व्हिनेगरसारखा वास येणारे नव्हे, कारण त्यातील आम्ल तांब्या-पितळेस खाते. तळाला भोक पाडण्याचा सल्ला कित्येक जण देतात. तो आम्हांस मुळीच पटत नाही. पाणी जाईल तेथूनच धूळ व चिखल येईल.

शेवटी नळीने पाणी मारून पाहिले. दिवे कोरडे राहिले. डिकीतील गालिचा उचलला, तेव्हा मात्र सुट्या चाकाच्या खळग्यात जुने पाणी व गंजू लागलेला पत्रा आढळला. तो घासून रंगविण्यात भाच्याचा पुढचा रविवार गेला.