विश्लेषण : काँक्रीट पंपाच्या नळीत अडकलेली जबाबदारी

मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेमार्गासाठी गुजरातमधील कास्टिंग यार्डांत जे ४० मीटर लांबीचे गर्डर तयार होतात, त्यांतील प्रत्येकात सुमारे ३९० घनमीटर काँक्रीट आणि ४२ टन पोलाद असते. वजन सुमारे ९७० टन. हा गर्डर एकसंध ओतला जातो; मध्ये कोठेही सांधा ठेवलेला नसतो. याचा सरळ हिशेब असा की, ६ घनमीटर क्षमतेच्या ट्रान्झिट मिक्सरच्या ६५ खेपांत मावेल एवढे काँक्रीट साच्यात खंड न पडता पोहोचले पाहिजे. खालचा थर आवळण्यापूर्वी त्यावर पुढचा थर पडला नाही, तर दोन थरांमध्ये बांधकामाच्या भाषेत ज्याला ‘कोल्ड जॉइंट’ म्हणतात ती कमकुवत फट राहते. घमेल्यांच्या रांगेने हे काम होणे अशक्य आहे. मेट्रोची भुयारी स्थानके, सागरी पुलांचे खांब, जलविद्युत प्रकल्पांचे बोगदे आणि महानगरांतील उत्तुंग इमारती यांचीही गोष्ट वेगळी नाही. या सर्व कामांचा वेग शेवटी काँक्रीट पंपावर आणि त्याला जोडलेल्या, बहुधा १२५ मिलिमीटर व्यासाच्या, पोलादी पाइपवर येऊन ठेपतो.

यंत्राच्या बाबतीत भारत मागे आहे, असे म्हणण्यास जागा नाही. हिमाचल प्रदेशातील पार्वती जलविद्युत प्रकल्पात ७ ऑगस्ट २००९ रोजी ७१५ मीटरच्या उभ्या अंतरातून काँक्रीट पंप करण्यात आले आणि त्याची नोंद जागतिक विक्रम म्हणून झाली. दुबईतील बुर्ज खलिफाच्या बांधकामात २००८ मध्ये ६०६ मीटर उंचीपर्यंत काँक्रीट चढवले गेले होते. आंध्र प्रदेशातील पोलावरम धरणावर जानेवारी २०१९ मध्ये २४ तासांत ३२ हजार घनमीटरहून अधिक काँक्रीट ओतण्याचा विक्रम झाला. अर्थात धरणाच्या मोकळ्या, रुंद कामावर काँक्रीट वाहून नेण्याचे पंपाखेरीज इतरही मार्ग असतात. पंपांचे उत्पादनही आता देशात होते. पुट्झमायस्टरचा कारखाना गोव्यात वेर्णा येथे, सॅनीचा पुण्याजवळ चाकणला, तर श्विंग स्टेटरचा चेन्नई परिसरात आहे. यांतील पुट्झमायस्टर आणि श्विंग ही मूळची जर्मन नावे. २०१२ या एकाच वर्षात पहिली कंपनी सॅनीच्या आणि दुसरी एक्ससीएमजीच्या, म्हणजे दोन्ही चिनी उद्योगसमूहांच्या ताब्यात गेल्या.

प्रश्न यंत्राचा नाही. मिक्सरमधून बाहेर पडलेले काँक्रीट आणि साच्यात पडलेले काँक्रीट एकच आहे काय, आणि ते तसे नसेल तर उत्तर कोणी द्यायचे, हा खरा प्रश्न आहे.

पाइपमधून काँक्रीट पाण्यासारखे वाहत नाही. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी यांचा गोळा दांड्यासारखा सलग पुढे सरकतो आणि पाइपच्या आतील भिंतीलगत सिमेंट व बारीक कणांच्या पेस्टचा पातळ थर वंगणाचे काम करतो. हा थर टिकला तर पंप चालतो. मिश्रणात बारीक कण अपुरे असतील तर दाबाखाली पाणी खडीतून पुढे निघून जाते, मागे कोरडी खडी एकमेकींत अडकते आणि पाइप तुंबतो. म्हणूनच काँक्रीटच्या मिश्रण-आरेखनाचे भारतीय मानक आयएस १०२६२ पंपाने टाकायच्या काँक्रीटमध्ये जाड खडीचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत कमी करण्यास मुभा देते. औष्णिक वीज केंद्रांतील राखेचे कण गोलसर असल्याने तीही येथे उपयोगी पडते. उंची वाढेल तसा दाबही वाढतो. दर १०० मीटर उंचीला केवळ काँक्रीटच्या वजनामुळे सुमारे २४ बार दाब लागतो. घर्षणाचा दाब त्याहून निराळा. ३०० मीटर उंचीच्या मनोऱ्यावर हा स्थिर दाबच ७० बारच्या वर जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या तिसेक पट. त्या उभ्या पाइपमध्ये कोणत्याही क्षणी सुमारे ९ टन ओले काँक्रीट लटकलेले असते.

वाळूचा प्रश्न याच ठिकाणी पंपाशी येऊन भिडतो. पर्यावरण मंजुरीशिवाय होणाऱ्या वाळू उपशावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये निर्बंध आणल्यापासून नदीची वाळू दुर्मीळ व महाग होत गेली. तिची जागा दगड फोडून केलेल्या क्रश सँडने घेतली. महाराष्ट्राने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूसाठी स्वतंत्र धोरणही आणले. नद्यांच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. परंतु नदीच्या वाळूचे कण घासून गुळगुळीत झालेले असतात, तर यंत्रातून निघालेल्या वाळूचे कण कोनदार असतात. तिच्यातील बारीक भुकटीचे प्रमाण प्रत्येक क्रशरगणिक, कधी कधी प्रत्येक ट्रकगणिक बदलते. काल सुरळीत चाललेले मिश्रण आज पंपात अडते, यामागे पुष्कळदा हेच कारण असते. प्रयोगशाळेतील मिश्रण-आरेखन मात्र महिन्यामागून महिने तेच राहते.

अडलेल्या पंपावर सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे पाणी. आयएस ४९२६ या मानकानुसार तयार काँक्रीट मिक्सरमध्ये भरल्यापासून सर्वसाधारणपणे २ तासांच्या आत खाली झाले पाहिजे; काँक्रीट उशिरा आवळावे म्हणून रसायन वापरले असल्यास किंवा ते थंड करून पाठवले असल्यास ही मुदत वाढवता येते. शहरांमध्ये ही मुदत पाळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. अवजड वाहनांना दिवसाच्या ठरावीक वेळांत प्रवेशबंदी असते, तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिप्रदूषणाचे नियम आड येतात. मुंबईतील मेट्रो-३ च्या दक्षिण मुंबईतील रात्रपाळीवर उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणलेल्या मनाईमुळे हा पेच ठळकपणे समोर आला होता. दिल्ली परिसरात हवा बिघडली की श्रेणीबद्ध कृती आराखड्याच्या तिसऱ्या टप्प्यात आरएमसी प्रकल्पांवरच बंदी येते. रहिवाशांची झोप आणि श्वास यांवर तडजोड करावी, असे कोणी म्हणणार नाही. पण या सर्व निर्बंधांतून उरलेल्या मोजक्या तासांत गाड्यांची एकच गर्दी होते, मे महिन्याच्या उन्हात मिक्सर रांगेत उभे राहतात आणि ड्रममधील काँक्रीट घट्ट होत जाते. पंपाच्या दाबमापकाचा काटा चढू लागतो. मग हॉपरपाशी उभा असलेला कोणीतरी पाण्याचा नळ सोडतो.

याची किंमत आकड्यांत मांडता येते. एका घनमीटरमध्ये ४०० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असेल तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० होते. त्यात प्रत्येक घनमीटरमागे २० लिटर पाणी वाढले की तेच गुणोत्तर ०.४५ वर जाते. आयएस ४५६ या मूलभूत मानकाने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील बांधकामासाठी ०.४० ही कमाल मर्यादा घातली आहे. ६ घनमीटरच्या गाडीत हे अधिकचे पाणी होते केवळ १२० लिटर. सागरी पुलाच्या खांबाचे आयुष्य ठरवणारी मर्यादा काही मिनिटांत ओलांडली जाते. खांब लगेच पडत नाही, हाच त्यातला धोका. खारे पाणी सच्छिद्र काँक्रीटमधून आत झिरपत राहते आणि सळईला गंज चढल्याचे वर दिसू लागेपर्यंत कंत्राटदाराची दोषदायित्वाची मुदत संपलेली असते.

चाचणीत हे पकडले जायला हवे, पण बहुधा जात नाही. कारण नमुना साधारणतः मिक्सरच्या तोंडाशी घेतला जातो. १५० मिलिमीटरचे ठोकळे भरले जातात, २८ दिवसांनी दाबयंत्रात फोडले जातात आणि अहवाल उत्तीर्ण येतो. त्यानंतर हॉपरमध्ये काय मिसळले, शेकडो मीटर पाइपमधून दाबाखाली जाताना काँक्रीटचा मऊपणा किती कमी झाला, तापमान किती वाढले, याची नोंद त्या ठोकळ्यांत नसते. काँक्रीट पुरवणाऱ्याची जबाबदारी मिक्सरच्या तोंडाशी संपते. पंप भाड्याने देणारा आपण केवळ वाहतूकदार असल्याचे सांगतो. मुख्य कंत्राटदार प्रयोगशाळेचा अहवाल पुढे करतो. हे तिघेही कागदोपत्री बरोबर असतात. नळीच्या शेवटच्या टोकाशी, म्हणजे काँक्रीट प्रत्यक्ष साच्यात पडते तेथे, नमुना घेणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. मोठ्या प्रकल्पांचे दक्ष सल्लागार तसा आग्रह धरतातही. तो अपवाद न राहता निविदेतील सक्तीची अट व्हायला हवा.

निविदांची रचनाही या अनास्थेला हातभार लावते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत काँक्रीटच्या बाबीतच ते कामाच्या जागेपर्यंत पंप करण्याचा खर्च धरलेला असतो. हिशेबाला हे सोयीचे आहे. परंतु पंपिंगची वेगळी किंमत नसल्याने राखीव पंप, दाब सहन करणारे जाड पाइप, वेळेवर बदललेली कोपरे व जोडकड्या, यांवर होणारा प्रत्येक खर्च कंत्राटदाराच्या नफ्यातून जातो. काँक्रीटची खडी पाइप आतून सतत घासत असते आणि वळणावरचा भाग सर्वांत आधी झिजतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो. फुटतो तो दाबाखाली, माणसे शेजारी उभी असताना.

अपघातांचे इतर प्रकारही ठराविकच आहेत. तुंबलेला पाइप मोकळा करताना आत हवा शिरते आणि पंप पुन्हा सुरू झाला की शेवटची रबरी नळी चाबकासारखी फिरते. काम संपल्यावर स्पंजचा गोळा आणि दाबाची हवा वापरून पाइप साफ करताना दुसऱ्या टोकाशी कोणी उभे असेल तर तो गोळा आणि त्यापुढील खडी बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर येते. काळ्या मातीच्या भागात पावसानंतर बूम पंपाचे आधारपाय खचतात. उच्चदाब वीजवाहिनीखाली बूम उघडणे हा आणखी एक धोका. आणि एका धोक्याची चर्चा फारशी होतच नाही. घमेल्याने भरताना भिंतीचा साचा हळूहळू भरत असे, खालचा थर आवळू लागलेला असे. पंप तोच साचा काही मिनिटांत भरतो. ३ मीटर उंचीचे ओले काँक्रीट तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ७ टन दाब देते. सेंटरिंगचे सामान आणि ते लावण्याची सवय मात्र अनेक ठिकाणी जुन्याच वेगाची आहे.

पंपाने बांधकामावरील माणसेही बदलली. पूर्वी स्लॅबच्या दिवशी घमेली वाहणाऱ्या स्त्री-पुरुषांची लांब साखळी लागे. त्यांतील स्त्रियांचा रोजगार यंत्राबरोबर सर्वांत आधी गेला. त्यांच्या जागी चार-पाच पुरुषांची टोळी आली. तिच्यातील चालक यंत्र ऐकून शिकलेला असतो. पिस्टनच्या आवाजातील फरकावरून पाइप तुंबणार हे त्याला दाबमापकाच्या आधी कळते. पंप असलेली गाडी रस्त्यावर चालवायला वाहन परवाना लागतो. तीसेक मीटरचा बूम माणसांच्या डोक्यावरून फिरवण्याचे कौशल्य मात्र त्या परवान्यात तपासले जात नाही. अभियंत्याने पाणी घालायला सांगितले तर नकार देण्याचा अधिकार या चालकाला कोणत्याही करारात नसतो, आणि प्रत्यक्षात गुणवत्तेचा शेवटचा पहारेकरी तोच असतो.

कायद्यात हा विषय अगदीच दुर्लक्षित होता, असे नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत काँक्रीटच्या पाइप आणि पंपांविषयी स्वतंत्र तरतूद होती. पाइप वाहणारी पराची किती भक्कम असावी, पाइपचे टोक व वळणे कशी जखडावीत, वरच्या टोकाजवळ हवा सोडणारी झडप असावी, पंप ठरलेल्या खुणांवरच चालवावा, आसपासच्या कामगारांनी संरक्षक चष्मे वापरावेत, इतक्या तपशिलात ते नियम गेले होते. ज्या १९९६ च्या कायद्याखाली ते झाले, तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. झडप, जखडणी आणि खुणा यांविषयीची ती कलमे संहितेखालील नव्या सुरक्षा मानकांत जशीच्या तशी येतात, की ‘पुरेशी काळजी घ्यावी’ अशा एखाद्या सर्वसाधारण वाक्यात विरून जातात, याकडे राज्यांच्या कामगार विभागांनी आणि कामगार संघटनांनी आताच लक्ष देणे आवश्यक आहे. नळीच्या टोकाशी नमुना घेण्याची अट घालण्यासाठी मात्र कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ती पुढच्या निविदेतही घालता येईल.