नाव आधीच घेतलेले आहे!

बंगळुरूच्या दक्षिण भागात जे. पी. नगर आहे. दुकानाच्या पाटीवर, रिक्षावाल्याच्या तोंडी, पत्रावरच्या पत्त्यात, सगळीकडे नुसते 'जे. पी.'. ही अक्षरे जयप्रकाश नारायण यांच्या नावातली आहेत, हे तिथल्या मुलांना मुद्दाम सांगावे लागते. याच वस्तीत २००४ साली 'रंगशंकरा' हे नाट्यगृह सुरू झाले. मराठी रंगभूमीवरही काम केलेल्या अरुंधती नाग यांनी पती शंकर नाग यांच्या आठवणीसाठी त्याचा ध्यास घेतला होता. शंकर १९९० साली मोटार अपघातात गेले, तेव्हा त्यांना छत्तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. या भावांचे मूळ आडनाव नागरकट्टे, घर कोकणी. शंकर काय किंवा थोरले अनंत काय, पडद्यावर 'नाग' म्हणूनच ओळखले गेले. नाट्यगृहावर शंकर हे नाव राहिले, नागरकट्टे कुठल्याच पाटीवर नाही.

शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' दूरदर्शनवर पाहिलेली पिढी आता आजी-आजोबांची झाली. त्या गोष्टींचे लेखक आर. के. नारायण. तेही पूर्ण नाव नव्हे! नारायणस्वामी हे नाव इंग्रज वाचकांना झेपणार नाही म्हणून ग्रॅहम ग्रीन यांच्या सल्ल्याने ते आखूड झाले.

नाव बदलणे, कापणे, नवे घेणे ही पूर्वी नटांची आणि लेखकांची मिरास होती. तुमच्या-आमच्या नावात आपला हात नसायचा. बारशाला आत्याने कानात कुर्र केले की नाव पक्के. मग १९९६ साली हॉटमेल आले. ते काढणाऱ्या दोघांपैकी सबीर भाटिया यांचे शाळेतले दिवस बंगळुरूतच गेले. ई-मेलचा फुकट पत्ता मिळू लागला आणि तेव्हापासून कारकून, गृहिणी, दहावीतला मुलगा, सगळ्यांनाच स्वतःचे बारसे स्वतः करायची वेळ आली. त्यात एक कडक नियम. एका नावाचा माणूस एकच. 'अमित जोशी' लिहावे तर संगणक बजावतो, हे नाव आधीच घेतलेले आहे. मग पुढे जन्मसाल जोडा, गावाचे नाव जोडा, नाहीतर वेगळे काही शोधा.

या अडचणीचा सगळ्यात गमतीदार किस्सा संगणकाच्या आधीचा आहे, आणि तोही बंगळुरूतल्या मराठी घरातला. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास इथली जहागीर मिळाली, तेव्हापासून या शहरात मराठी बोलणारी घरे आहेत. अशाच एका घरात, पोलीस शिपायाच्या पोटी, १९५० साली एक मुलगा जन्मला. नाव ठेवले शिवाजीराव. आडनाव गायकवाड. हा मुलगा पुढे बंगळुरूच्या बसमध्ये कंडक्टर झाला आणि नट व्हायला मद्रासला गेला. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला घेतले, पण 'शिवाजी' हे नाव तिथे मोकळे नव्हते. व्ही. सी. गणेशन नावाच्या तमिळ नटाने तरुणपणी रंगभूमीवर शिवाजी महाराजांची भूमिका अशी गाजवली होती, की पेरियार यांनी त्यांना 'शिवाजी' म्हटले आणि ते जन्मभर शिवाजी गणेशन झाले. म्हणजे छत्रपतींचे नाव तमिळ नटाने घेतलेले, म्हणून मराठी मुलाला ते मिळेना! बालचंदर यांच्या १९६६ सालच्या 'मेजर चंद्रकांत'मध्ये रजनीकांत नावाचे एक पात्र होते. ते नाव त्यांनी या मुलाला दिले. १९७५ च्या 'अपूर्व रागंगळ'पासून पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. आज त्यांच्या मुलीही आपल्या नावापुढे रजनीकांत लावतात. गायकवाडांच्या घरात एका कल्पित पात्राचे नाव आडनावासारखे नांदते आहे.

हे झाले दुसऱ्याने दिलेले नाव. पण माणूस स्वतः नाव घेतो तेव्हा काय घेतो? मला वाटते, बहुतेक वेळा तो आपल्याजवळचे कुणीतरी घेतो. वि. वा. शिरवाडकर यांचे जन्मनाव गजानन रंगनाथ. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. ही दोन्ही नावे मोठ्यांनी ठरवलेली. तिसरे त्यांनी स्वतः घेतले ते 'कुसुमाग्रज', म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. सगळ्या भावांत कुसुम ही एकुलती एक बहीण. अवघ्या महाराष्ट्राने शंभरदा उच्चारलेल्या या नावात एक मुलगी बसलेली आहे, हे किती जणांच्या लक्षात येते?

धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत. वडील लहानपणीच गेलेले. आपल्याकडे मुलाच्या नावामागे वडिलांचे नाव लागते, बेंद्रे यांनी आईचे लावले. 'अंबिकातनयदत्त', अंबिकेचा मुलगा दत्त. सरकारी कागदावर आईला जागा नव्हती, ती त्यांनी कवितेखाली करून दिली. (मुलांच्या कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय २०२४ साली आला!)

बायकांची गोष्ट मात्र निराळी. बाळूताई खरे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली प्रसिद्ध केले, ते विभावरी शिरूरकर या नावाने. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले तसे स्पष्ट लिहिणे तेव्हा सोसणारे नव्हते. गदारोळ उठला. लोक विभावरीला शोधत राहिले आणि बाळूताई त्या नावाच्या आड उभ्या राहिल्या. पुढे त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एका बाईची तीन नावे, पण पुस्तकावर राहिले ते तिने स्वतः निवडलेलेच. आजही संगणकावर मुली आपले खरे नाव सहसा टाकत नाहीत. घरातली मंडळी त्याला लपवाछपवी म्हणतात. अनोळखी माणसांचे नको ते निरोप येऊ नयेत म्हणून नावाचा पदर घ्यावा लागत असेल, तर लाज मुलीला का वाटावी?

आणि माहेरचे नाव? लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर नवरा अंगठीने नवे नाव रेखतो, आणि जुने नाव तिथेच थांबते. बँकांचा एक ठरलेला गुप्त प्रश्न असायचा, तुमच्या आईचे लग्नाआधीचे आडनाव काय? खातेदाराची खूण पटवायला तो चालायचा, कारण परक्याला ते ठाऊक नसणार हे बँकेने गृहीतच धरलेले. आईचे नाव इतके पुसलेले, की त्याचे कुलूप करता यावे!

आमच्या ओळखीतल्या एक आजी जे. पी. नगरात मुलाकडे राहतात. नातीने त्यांना ई-मेलचा पत्ता काढून दिला तेव्हा, काय नाव ठेवू, असे विचारले. नातीला वाटले, आजी देवाचे नाव सांगेल. आजींनी सांगितले माहेरचे लाडाचे नाव, आणि पुढे गावाचे. नातीने ते आधी कधी ऐकलेलेच नव्हते. टाइप करून पाहिले तर पहिल्याच फटक्यात मिळाले. आकडा जोडावा लागला नाही. मुलाने विचारले, "आई, हे कोण?" आजी म्हणाल्या, "तुझ्या मामाला विचार, तो अजून तशीच हाक मारतो."